आत्याबाईंची कपार

लग्न होऊन मी मुदखेडहून औशाच्या बाजूच्या एका खेड्यात आले, तेव्हा लातूर जिल्हा नवानवाच झाला होता. गावातली म्हातारी माणसं अजून पत्रावर जिल्हा उस्मानाबाद असंच लिहायला सांगायची. माझा नवरा मात्र त्या नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत कारकून म्हणून लागला होता. तो लातुरात खोली करून राहायचा आणि शनिवारच्या एसटीनं घरी यायचा. सासरे फार आधी वारलेले. आठवडाभर घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई अंगानं थोराड आणि बोलायला कमी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत. मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत, पण जवळ बसवून दोन शब्द विचारलेही नाहीत. मी ‘भाकरी करून राहिले’ म्हटलं की शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण तिकडं ‘करायले’ म्हणतात. आत्याबाई हसायच्या नाहीत, एवढाच काय तो आधार.

पावसानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिला होता. संक्रांत झाली आणि घरचा आड आटला. मग गावाबाहेरची विहीर आटली. टँकर यायचा त्या दिवशी घागरींची अशी झोंबाझोंबी व्हायची की मी मागच्या मागंच राहायची. माझे वडील रेल्वेत. मुदखेडला आमच्या क्वार्टरसमोर इंजिनात पाणी भरायचा सोंडेसारखा जाड नळ होता, आणि त्यातून सांडलेल्या पाण्यात आम्ही भावंडं भर उन्हाळ्यात चिंब व्हायचो. इथं मी दोन तांब्यांत आंघोळ उरकायला शिकले.

एकदा टँकर आलाच नाही. रिकाम्या घागरी घेऊन परतताना आत्याबाई वाटेत थांबल्या आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळू लागल्या.

“तू बारीक हायस,” त्या म्हणाल्या. “माझ्यासंगं डोंगराला येतीस?”

गावामागं तांबड्या जांभ्या दगडाचा बुटका डोंगर होता. पायथ्याला एक गुहा, आत महादेवाची पिंड. शिवरात्रीला तिथं दिवा लागायचा, एरवी कोणी फिरकत नसे. घागरी घरी ठेवून, बॅटरी घेऊन आम्ही तिथं गेलो. पिंडीच्या मागं भिंतीत एक कपार होती, जमिनीलगत, आडवी, जेमतेम कुत्रं शिरेल एवढी. आत्याबाईंनी सांगितलं, ह्या कपारीच्या पलीकडं एक खोली आहे आणि खोलीत पाणी आहे. निजामाच्या काळात असाच दुष्काळ पडला होता, तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांना आत पाठवलं होतं. त्या वेळी त्या माझ्या वयाच्या होत्या आणि माझ्यासारख्याच काटकुळ्या. पुढं पाऊसपाणी बरं झालं, मग आत जायचं कारण उरलं नाही. गड्यांचे खांदे तिथं मावत नव्हते. दगड फोडायची कोणाची छाती नव्हती, कारण वरचं छत पिंडीवर आलं असतं.

“आता पाणी असंल कशावरून?” मी विचारलं.

“ठावं न्हाई. म्हणून तर बघायचं. भ्याव वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. मी रागावणार न्हाई.”

मला भीती वाटत होती. पण इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं. मी हो म्हटलं.

त्यांनी मला तिथंच उभं करून माझं गोल पातळ सोडलं आणि स्वतःच्या हातानं कासोटा घालून घट्ट नेसवलं. पदर कमरेभोवती गुंडाळून खोचला. बांगड्यांवर चिंधी बांधली. मग म्हणाल्या, “डोरलं काढ.”

मी दचकलेच. नव्या नवरीला सासू डोरलं काढायला सांगते!

“आडकंल ते, गळ्याला फास बसंल. दे, माझ्या गळ्यात घालते. माझ्या लिंगापाशी ऱ्हाईल, त्याला काय बी होत न्हाई.”

नवरा गेल्यापासून त्यांच्या गळ्यात लिंगाशिवाय काही नव्हतं. त्या गळ्यात त्यांनी माझे काळे मणी घातले आणि वरून पदर ओढून घेतला.

“एक हात म्होरं, एक अंगासरशी. तोंड एका कुशीला. घाई करू नको.”

बॅटरी पुढं ढकलत मी पालथी शिरले. कपार आत जाताना किंचित वर चढत होती. दगड कोरडा, खरबरीत, थंड. डोकं गेलं, खांदे तिरके करून गेले. पायाच्या अंगठ्यांनी रेटत मी पुढं सरकत होते, आणि एका जागी छाती अडकली. पुढं होईना, मागं होईना. पाठीवर दगड, पोटाखाली दगड. मी घाबरून मोठा श्वास घेतला तशी आणखीच गच्च बसले. ओरडायला गेले तर आवाज फुटेना.

तेवढ्यात माझ्या तळपायाला हात लागला. आत्याबाईंनी पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला होता. त्यांनी माझी टाच मुठीत धरली.

“मी हाय हितंच,” त्यांचा आवाज दगडातून दबका आला. “हलू नको. मुदखेडला तुमच्या घरापासून ठेसन किती लांब हाय गं?”

मला वाटलं, ह्यांना वेड लागलं का. “जवळच,” मी कसंबसं म्हटलं.

“गाडीचा आवाज येतो घरात?”

“येतो... रात्रीबी येतो.”

“झोप मोडती का?”

“न्हाई. सवय... सवय झाली होती. इथंच झोप येत न्हाई.”

“का?”

“लई शांत हाय.”

असं एकेक विचारत त्यांनी मला बोलतं ठेवलं. उत्तर देता देता माझा श्वास बाहेर पडत गेला आणि छातीवरची पकड सैल झाली. “आता समदा श्वास सोड,” त्या म्हणाल्या. “पार रिता कर. आन् सरक.” मी श्वास सोडला. त्यांनी माझ्या टाचेला हलकासा रेटा दिला. पाठीची कातडी सोलवटली, पण छाती निसटली. त्यानंतर कमर, मग पाय. त्यांचा हात मागंच राहिला.

पलीकडं खरंच खोली होती. आमच्या स्वयंपाकघराएवढी, उभं राहता येईल अशी. बॅटरी फिरवली तर कोपऱ्यात काळं काहीतरी चमकलं. मी हात घातला. पाणी! कोपरापर्यंत हात बुडाला.

“हाय!” मी ओरडले. “आत्याबाई, पाणी हाय!”

मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू. “पी पोटभर. आन् बस घडीभर. लगेच येऊ नको.”

“का?”

“तिथं कुणी न्हाई. मी तवा बसले होते. घरात रडायला जागा नव्हती, तिथं आईला आठवून लई रडून घेतलं. मी काय बी विचारणार न्हाई.”

मी बसले. रडू येईल असं वाटलं होतं, कारण लग्नापासून ते साचलं होतं. पण आलं नाही. मी गार पाण्यानं तोंड धुतलं, आणि बॅटरी विझवून पाय लांब करून नुसती बसून राहिले. कपारीपलीकडं आत्याबाई वाट पाहत होत्या आणि त्यांनी एकदाही हाक मारली नाही.

येताना उतार होता आणि भीतीही कमी होती. कपारीच्या तोंडाशी माझा हात बाहेर आला तसा त्यांनी तो धरला आणि मला ओढून घेतलं. केसांतली लाल माती झटकली, डोरलं परत गळ्यात घातलं.

“रडलीस?”

“न्हाई.”

“मग इतका येळ काय केलंस?”

“पाय पसरून बसले.”

त्या हसल्या. एवढ्या थोराड बाईचं हसणं असं पोरीसारखं असेल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी नवरा आला, माझी सोललेली पाठ पाहून आईवर चिडला. “ती आतच आडकली आसती तर?”

“मी हुते की धरून,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्याला ताट वाढायला घेतलं.

पुढच्या खेपेला त्यानं लातूरच्या बाजारातून लांब रबरी नळी आणली. मी ती आत नेली, एक टोक पाण्यात बुडवून वर दगड ठेवला. बाहेर आत्याबाईंनी दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढ घेतली, आणि करंगळीएवढी धार गुहेच्या दारात लागली. गावच्या सगळ्या बायका तिथं आल्या. धार बारीक असल्यामुळं भांडायचं काही कारणच नव्हतं. घागर भरेपर्यंत सावलीला बसायचं, बोलायचं. माझ्या ‘करून राहिले’ला आता त्या हसायच्या तरी जवळ सरकून हसायच्या. नळी निसटली की आत जायचं काम माझं. अडकायच्या जागेशी आले की मी आपोआप काहीतरी बोलायला लागायची, आणि बाहेरून आत्याबाई हूं हूं करत राहायच्या.

एकदा घागर भरत असताना त्या म्हणाल्या, “आत वरून उजेड पडतो का गं आजून? माध्यान्हीला? पाण्यात काडीएवढा पडायचा.”

मी कधी पाहिला नव्हता. मी नेहमी सकाळीच जायची.

“वरचं भोक बुजलं आसंल,” त्या म्हणाल्या आणि घागर उचलायला वाकल्या.

दुसऱ्या दिवशी नळीला काही झालेलं नव्हतं, पाणी व्यवस्थित येत होतं. तरी मी भर दुपारी त्यांना घेऊन डोंगरावर गेले, डोरलं काढून त्यांच्या हातात दिलं आणि आत शिरले. बॅटरी विझवून बसले. डोळे अंधाराला सरावले, आणि पाण्याच्या मधोमध एक पिवळी रेघ दिसली. मी बोट घातलं तर बोटावर आली.

“हाय, आत्याबाई!” मी कपारीशी तोंड नेऊन ओरडले. “आजून हाय!”

“कुठं पडलाय?” त्यांनी विचारलं. “डाव्या अंगाला का उजव्या?”

“मधी.”

“माझ्या टायमाला डाव्या अंगाला होता,” त्या म्हणाल्या. “नीट बघ बरं. मला समदं सांग.”

मी पुन्हा पाण्याकडं वळले आणि दिसेल तसं सांगायला लागले.