फ्लेक्सवरची प्रज्ञा

भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "ताई, आपली प्रज्ञा गेली गं…" एवढंच बोलला. साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला आणि माझी तरुण भाची हॉस्पिटलमधून घरी आलीच नाही. याला आता महिना उलटला. रडून झालं. उरली आहे ती किळस, म्हणून लिहायला बसले.

बारावीनंतर उलव्याच्या त्यांच्या घरात कॉलेजांची माहितीपत्रकं पसरली होती. भाऊ न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे कारकून. त्याला फक्त प्लेसमेंटचा आकडा दिसायचा. "शंभर टक्के लिहिलंय ताई, अजून काय पाहिजे?" प्रज्ञाला आधी एखादं लेक्चर ऐकून बघायचं होतं. "सिनेमा आहे का तो, ट्रेलर बघायला?" म्हणून त्याने ते उडवून लावलं. आकडा बघूच नये असं मी म्हणणार नाही. एवढी फी भरणारा बाप नोकरीचं विचारणारच. पण हे शंभर टक्के नेमके कशाचे, हे कोणी विचारलं नाही.

त्याच कॉलेजातून तिला लागलेली नोकरी म्हणजे कंटेनर यार्डात तीन महिन्यांचं डेटा एन्ट्रीचं कंत्राट. ते संपल्यावर ती घरी शिकवण्या घेऊ लागली, आणि झकास शिकवायची. कॉलेजचे किस्से मात्र हसून हसून सांगायची. "आत्या, ज्यांना लागली नाही त्यांच्याकडून 'नोकरी नको' असं लिहून घेतलं. ते मोजायचेच नाहीत! आणि फोटोसाठी आम्हा सगळ्यांना एकच कोट, बारक्यांना मागून चिमटे लावून…"

परवा कामोठ्याला घरी परतताना तिच्या कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवर तीच दिसली. रिक्षा थांबवून आत गेले. म्हटलं, ही मुलगी वारली, फोटो काढा. ऑफिसातला माणूस म्हणाला, "सॉरी मॅडम. पण ॲडमिशनचा सीझन आहे ना, संपला की काढतो." वर विचारतो, "तुमच्या घरात कोणी बारावीला आहे का?"

बाहेर एक बाई आपल्या मुलीला प्रज्ञाचाच फोटो दाखवत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं… कंत्राट, ते संपणं, ताप. त्या "अरेरे" म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण कॉलेजातून लागली होती ना?"

"लागली होती," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

आपल्या मुलीचा हात धरून त्या आत गेल्या, प्रज्ञाच्या फोटोखालून.