समुद्राकाठचं कुलूप

अकोल्याच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. भरती-ओहोटी, पुळण, खाडी, सगळं फळ्यावर काढून झालं. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. मणक्याच्या दुखण्यात पाय गेले आणि खुर्ची आली, तेव्हा घरातल्यांनी तो विषयच मिटवून टाकला. मिटवला नाही तो एकट्या मोठ्या बहिणीने. ती मोर्शीकडे संत्र्यांची बाग सांभाळते.

"समुद्र काय तुये पाय पाहून राह्यला का?" ती म्हणाली. "चाल, जाऊ."

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी कोकणातल्या एका शहरात उतरलो. लॉजवाल्याने सांगितलं, किनाऱ्याला लागून फिरायला सपाट रस्ता केलाय, व्हीलचेअर आरामात जाते. सकाळीच गेलो. फाटकाशी निळी पाटी होती, तिच्यावर खुर्चीचं चित्र. पण आत जायच्या वाटेत दोन लोखंडी खांब, मोटारसायकली शिरू नयेत म्हणून. मधल्या फटीपेक्षा माझी खुर्ची चार बोटं रुंद. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप.

"किल्ली नगरपालिकेतल्या साहेबांकडे असते," पहारेकरी म्हणाला. "दहानंतर या. नाहीतर आम्ही दोघंतिघं उचलून घेतो तुम्हाला."

उचलणं मला पाठ आहे. बँकेच्या पायऱ्या, मंगल कार्यालयं, मतदान केंद्र. परक्या माणसांचे हात काखेत, साडी विस्कटलेली, आणि वर आपणच आभार मानायचे.

"उचलायचं नाही," मी म्हटलं. "मी बोचकं नाही. किल्ली आणा."

तो हसला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला. तेव्हा मी माझी खुर्ची त्या फटीला लावली आणि ब्रेक ओढले.

पाच मिनिटांत मागे फिरायला आलेल्यांची गर्दी झाली. पांढऱ्या बुटातले एक गृहस्थ पुढे आले. "बाई, बाजूला व्हा. आम्हाला फिरायचंय."

"मलाही."

"तुमच्यापायी सगळ्यांचा खोळंबा झालाय!"

"इचा रोजच खोळंबा होते," बहीण कडाडली. "तुमचा आज झाला त लगेच काहून बोंबलून राह्यले?"

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे रागाने बघत होती, आणि 'चुकलं' म्हणून बाजूला सरकायची सवय अंगात उसळत होती. मी चाकं घट्ट धरून ठेवली.

एवढ्यात रस्त्यापलीकडून एक आजोबा वॉकर टेकत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. "मी समोरच राहतो," ते म्हणाले. "हा वॉकरही जात नाही यातून. रोज इथवर येतो आणि परत जातो. म्हटलं, एकट्यासाठी कोण उघडणार?"

"तुम्ही मागितली होती किल्ली?"

"नाही," ते खाली बघत म्हणाले.

पांढऱ्या बुटांनीच शेवटी कुणाला तरी फोन लावला. अर्ध्या तासाने स्कूटरवरून किल्ली आली. कुलूप गंजलं होतं. पहारेकऱ्याने दगडाने ठोकून ते उघडलं. बहिणीने मागून खुर्ची धरली, तिला मी सोडायला लावलं. चाकं माझ्या हातांनी फिरवत मी आत गेले. फळ्यावर मी निळा खडू वापरते. हा समुद्र मातकट होता, आणि त्याचा आवाज एवढा मोठा असेल हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी रडले. बहीण म्हणाली, "रड, पण थांबू नको."

ऊन चढल्यामुळे निम्म्यातून परतलो. दुसऱ्या दिवशी फाटकाला पुन्हा कुलूप. पण आमच्या आधीच आजोबा फटीपुढे वॉकर रोवून उभे होते, आणि किल्ली दहा मिनिटांत आली. तिसऱ्या दिवशी फाटक सताड उघडं. "साहेबांनी कुलूपच नेलं," पहारेकरी जरा घुश्शातच म्हणाला.

त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो. तिथे वाळूत उतरायला तीन पायऱ्या होत्या. उतार नव्हता.

"आता काय, पायऱ्या पण तोडायच्या का?" मागून आलेल्या पहारेकऱ्याने विचारलं.

"तोडू नका. बाजूने उतार करा."

मी मांडीवर वही घेतली आणि तिथेच नगरपालिकेला अर्ज लिहिला. खाली माझी सही, आजोबांची थरथरती सही, आणि बहिणीने जागा कमी पडेल एवढ्या मोठ्या अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. काल मी तिसरं स्मरणपत्र टाकलं.