लायनर बसेपर्यंत गप्प

वहिनीचं तोंड फक्त झोपेत बंद असतं, आणि तेही खात्रीने सांगता येत नाही, असं तिचा नवराच म्हणायचा. गल्लीने तिला 'रेडिओ' नाव ठेवलं होतं. पण हा रेडिओ नुसता वाजत नसे, नकला करी. गिऱ्हाईक गाडी सोडून पाठमोरं झालं रे झालं, की मागे त्याचाच आवाज सुरू: काही नाही हो, जराशी कुरकुर करतेय. आणि पाठोपाठ त्या जराशा कुरकुरीचा साग्रसंगीत खडखडाट, तोही तोंडानेच.

पुढे दिराचं गॅरेज आणि मागच्या खोलीत बोअरिंग मशीन. जुन्या छोट्या मोटारींचे ब्लॉक तिथे यायचे. झिजून अंडाकृती झालेली सिलिंडरं आतून कातायची आणि पुन्हा गोल करायची, हे काम आधी नवऱ्याचं होतं. त्याचा खांदा आखडला तेव्हा वहिनीने चार दिवसांसाठी हँडल हातात घेतलं आणि परत द्यायचं सोयीस्कर विसरली.

भावजींना ती खोली गाड्या धुवायला हवी होती. हल्ली इंजिन दुरुस्त कोण करतं, नवं टाकावं आणि सुटावं, असं ते येताजाता ऐकवायचे. वहिनी ते शब्दाला शब्द, खाकरण्यासकट, त्यांना परत ऐकवायची.

अशात मावशींची मोटार आली. मावशी गाडी चालवायला शिकवायच्या. निम्मं गाव त्या टिचभर मोटारीत घाम पुसत क्लच सोडायला शिकलं होतं. आता तिच्या एका सिलिंडरची भिंत पिस्टनच्या सुटलेल्या क्लिपने बोचकारून ठेवली होती. कातून वाढवायची तेवढी आधीच वाढवलेली, त्याहून मोठा पिस्टन कुठे मिळेना. भावजींनी ब्लॉककडे न बघताच तो भंगारात काढला. वहिनी म्हणाली, लायनर घालू. सिलिंडर आणखी मोठं कातायचं, त्यात बिडाची नवी नळी घट्ट बसवायची, आणि नळीला आतून कोऱ्या इंजिनाचं माप द्यायचं. मावशींना तरी नवं इंजिन कुठे हवं होतं? त्यांना आपलंच हवं होतं.

पहिला लायनर वहिनीने घालवला, आणि कसा घालवला ते गल्लीभर झालं. ब्लॉक तापवलेला, म्हणजे भोक किंचित मोठं. लायनर बर्फात गारठवलेला, म्हणजे नळी किंचित बारीक. त्या दोन क्षणांत तो एका दमात खाली सोडायचा. मध्ये थबकला तर तिथेच आवळला जातो. लायनर हातात असताना भावजी खाकरत आत आले आणि वहिनीला राहवेना. तिने तसंच खाकरून दाखवलं. हात हलला. लायनर अर्ध्यावर तिरका होऊन जो रुतला, तो शेवटी कातूनच काढावा लागला.

आता सिलिंडरची भिंत इतकी पातळ उरली होती, की आणखी एकदा कातली तर थेट पाण्याच्या पोकळीत भोक. मग मात्र मावशींचा ब्लॉक खरोखरच भंगार.

भावजींनी तर भंगारवाल्याशी मशीनचाच सौदा ठरवून टाकला. वहिनीने ते ऐकलं आणि कंबर कसून पदर खोचला.

"हा दुसरा लायनर नाही बसला तर मशीन मी स्वतः टेम्पोत चढवते. बसला, तर मशीन विकायचं पुन्हा नाव काढायचं नाही."

"आणि मध्ये तुमचा रेडिओ लागला तर?"

"नाही लागणार."

भावजी इतके हसले, की त्यांनी भंगारवाल्याला टेम्पो घेऊनच यायला सांगितलं.

ठरल्या दिवशी ब्लॉक रंग वाळवायच्या भट्टीत तापत होता. लायनर घरच्या फ्रीजमध्ये, मटारच्या पिशवीला टेकून, रात्रभर पडला होता. नवऱ्याने तो टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा आणला. ब्लॉक बाहेर निघाला. वहिनीने हातमोजे चढवले आणि ओठ मिटले.

भावजी दाराला टेकून सुरू झाले. आधी खाकरले. मग मटारचा भाव विचारला. मग म्हणाले, वहिनी, त्या दिवशी माझी नक्कल काही जमली नव्हती हं, अगदीच पुचाट.

पुचाट! वहिनीच्या गळ्यापर्यंत आलं. नवरा डोळे मिटून उभा राहिला. तिने लायनर सिलिंडरच्या तोंडावर सरळ धरला आणि सोडला.

ठक्क.

तळाशी ठेवलेल्या कडेवर तो थेट जाऊन टेकला होता. पण वहिनी अजूनही बोलेना. लायनर गरम होताना वर सरकू नये म्हणून तिने त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि अंगाचा सगळा भार देऊन उभी राहिली. भावजींनी विचारलं, बसला का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. त्या खोलीत इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. भावजींनाच ती सोसेना, ते पुढे येऊन वाकून बघू लागले.

अखेर तिने ठोकळा उचलला. लायनरच्या काठावरून बोट फिरवलं, ते कुठेही अडखळलं नाही. बाहेर भंगारवाला पाठ करून दोर सोडत होता. वहिनी खाकरली. अगदी खोलवरून, घशात खडे घोळवल्यासारखी.

"काय आहे ना, मशीन द्यायचं नाही. जा तुम्ही."

"बरं शेठ," भंगारवाला मागे न बघताच म्हणाला आणि दोर गुंडाळायला लागला.

भावजींचं तोंड उघडं ते उघडंच. "मी कुठे बोललो?"

"आवाज तर तुझाच होता," वहिनीचा नवरा म्हणाला.

टेम्पो सुरू झाला. वहिनीने हातमोजे काढले, कातायच्या हत्याराची धार अंगठ्याने पाहिली, आणि आत्तापर्यंत साठलेलं सगळं, मटारच्या भावापासून, भावजींच्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.