चौकीवरचे बूट

"शूज," अधिकारी म्हणाला. मान वर न करता. बोट माझ्या पायांकडे.

मी वाकून बूट काढले, भिंतीशी नीट ठेवले. फरशी गार होती. डाव्या मोज्याला भोक होतं. माझ्या मागे रांगेत दहा-बारा माणसं होती. बूट फक्त माझे निघाले होते.

कॅनडातून अमेरिकेत शिरतानाची ही चौकी. ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेतल्या बेलव्ह्यूला प्रोग्रामर होतो. आमच्या कंपनीचं एक काम व्हँकूव्हरला चाले. सोमवारी तिकडे जायचं, शुक्रवारी परत. गाडी काकांची. काका पुण्याचे, ऑफिसात मला सीनियर; सगळे मराठी लोक त्यांना काकाच म्हणत. त्यांचा पासपोर्ट अमेरिकन. त्यांना गाडीतूनच सोडत. माझा भारतीय, म्हणून मला दर वेळी आत बोलावत.

चूक माझी होती. पहिल्या शुक्रवारी मी कुणी न सांगता दाराशी बूट काढले. समोर टेबल, टेबलामागे साहेब, भिंतीवर झेंडा. माझ्या पायांना तेवढं पुरलं. माझा बाप गावच्या चावडीबाहेर वहाणा काढून पायरीखाली उभा राहायचा. आमच्या वस्तीतले सगळेच. मी इंजिनियर झालो, घरातला पहिला. पाय मात्र बापाचेच राहिले.

अधिकारी हसला. दुसऱ्याला बोलावून दाखवलं. पुढच्या शुक्रवारपासून तो हुकूम झाला.

काकांना सगळं सांगितलं, बापाच्या चावडीचंही.

"अरे, काढ ना यार! दोन मिनिटांचा प्रश्न. तुम्हा लोकांना तर सवय असते."

शनिवारी त्यांच्या घरी जेवण होतं. श्रीखंड वाढता वाढता काका म्हणाले, "आमचे इंजिनियर अजून चावडीपुढेच उभे आहेत बरं का!" सगळे हसले. मीही हसलो. बुटांपेक्षा त्या हसण्याची लाज मला आजही जास्त वाटते.

या देशाचे उपकार मी मानतो. इथल्या एका प्राध्यापकांनी मला पोटच्या मुलासारखं शिकवलं. म्हणून मी पाच शुक्रवार गप्प राहिलो. आणि भीती होतीच. पासपोर्टवर शिक्का बसला नाही तर नोकरी गेली.

सहावा शुक्रवार. "शूज."

मी हललो नाही.

"असा नियम आहे का, सर? असेल तर दाखवा."

"पहिल्या दिवशी तूच काढलेस ना?"

"हो. ती चूक होती. लहानपणी शिकवलेली."

त्याने मला बाकावर बसवलं. तीन तास. प्रत्येक कागद दोनदा तपासला. मध्येच काका आत आले. "सॉरी म्हण आणि चल. घरी पाहुणे यायचेत माझ्याकडे."

"काका, तुम्ही निघा."

ते खरंच निघून गेले.

शेवटी शिक्का बसला. नियम कुणी दाखवला नाही. कारण नव्हताच. मी पायी सीमेजवळच्या गावातल्या बस स्टँडवर गेलो.

रविवारी घरी पत्र लिहिलं. बापाला वाचता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी वाचून दाखवत. त्यांनी एकही शब्द गाळू नये म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं: "बा, चावडीत वहाणा घालूनच जा. कुणी अडवलं तर नियम माग."

सोमवारी काकांचा हॉर्न वाजला. मी खिडकीतूनच नाही म्हटलं आणि बस धरली.

शुक्रवारी पुन्हा तीच चौकी, तेच टेबल. मी ठरवलं होतं, बसवतील तितके तास बसेन. नोकरी गेली तर जाईल. बूट निघणार नाहीत.