नागपूर लागतं का?

आमच्या डोंबिवलीच्या घरात रेडिओ पहिल्यांदा आला तो पारखायला. ठाण्याचा दुकानदार बाबांच्या ओळखीचा. त्याने दोन सेट आठ दिवसांसाठी दिले आणि म्हणाला, "घरी लावून बघा, पसंत पडेल तो ठेवा." एक लहान आणि साधा. दुसरा भारी, चकचकीत लाकडी पेटीचा, स्टेशन नीट लागलं की बारीक होणारा हिरवा डोळा असलेला.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले की शेजारचे चार-पाच जण बाहेरच्या खोलीत जमत. मुलगी बघायला आल्यासारखे सगळे गंभीर. आवाज कुणाचा भरदार, खरखर कुणाची कमी, यावर वाद. आई चहा देण्यापुरती बाहेर यायची. तिने एकदाच विचारलं, "नागपूर लागतं का?"

"वहिनी, इथे लंडन लागतंय आणि तुम्ही नागपूर काय विचारता?" सगळे हसले. बाबाही हसले. मला त्याचा अजून राग येतो, कारण मावशीचं पत्र त्यांनीही वाचलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला नागपूर केंद्रावर तिचं पहिलं गाणं होतं. दोघी बहिणी एका तंबोऱ्यावर शिकलेल्या. लग्नानंतर आईचं गाणं सुटलं, मावशीचं टिकलं.

गुरुवारी बाबा यायच्या आत आईने दोन्ही सेट लावून बघितले. मी शेजारी उभी. लहानावर नुसती खरखर. मोठ्यावर काटा इकडेतिकडे करता करता नागपूर लागलं, लांबून पण स्वच्छ. आईने काचेवर नेमकं तिथे कुंकवाचं बोट टेकवलं. "उद्या शोधत बसायला नको," म्हणाली.

शुक्रवारी मंडळी लवकर जमली. एका काकांना काचेवर कुंकू दिसलं.

"पूजा झालेली दिसते," ते म्हणाले आणि आकडे नीट दिसावेत म्हणून धोतराच्या सोग्याने काच पुसून घेतली. नव्या वस्तूला कुंकू लावतातच, बाबांनाही त्यात काही वाटलं नाही.

मी आत जाऊन आईला सांगितलं. घड्याळात साडेसहाला दोन मिनिटं होती. तिने शेगडीवरचं भांडं उतरवलं, हात पदराला पुसले आणि बाहेर आली. "जरा सरका," म्हणाली. एवढ्या पुरुषांमध्ये तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. लंडनच्या बातम्या अर्ध्यावर तोडून तिने काटा फिरवायला घेतला. खरखर, कुठलीशी सनई, पुन्हा खरखर. मग हिरवा डोळा बारीक झाला आणि मावशीचा आवाज आला.

बाबांनी उठून आपली खुर्ची पुढे केली. आई बसली नाही. पेटीवर हात ठेवून पंधरा मिनिटं उभी राहिली. चहा त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही.

मोठा सेट राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काचेवर कुंकवाचा ठिपका होता, चांगला ठसठशीत. आईचं बोट एवढं जाड नव्हतं. शिवाय ठिपका नागपूरच्या बराच अलीकडे पडला होता.

आईने तो कधी पुसला नाही, हलवलाही नाही. नागपूर लावायचं असलं की ती आधी काटा त्या ठिपक्यावर आणायची, आणि मग हळूच पुढे न्यायची.