जिन्यातले श्रोते

"सुलभाताईंना खाली आणायचंय, पण स्ट्रेचर जिन्यात वळत नाहीये," असं तिच्या इमारतीतले दिलीपराव फोनवर म्हणाले, तेव्हा मला वाटलं, तिला दवाखान्यात हलवतायत. मी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?" "दवाखान्यात नाही… तुम्ही या," ते म्हणाले. मग मला समजलं. सदाशिव पेठेतून रिक्षा करून मी बिबवेवाडीला पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणलं होतं. गुडघे आणि दमा यांनी तिला तिसऱ्या मजल्यावर अडकवून ठेवलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली होती. इमारतीला लिफ्ट नाही. इतक्या वर्षांनी ती खाली आली, ती अशी.

सुलभा आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारीशेजारी बसायचो. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर एका माणसाला दुसऱ्याशी जोडून 'बोला' म्हणायचं. निवृत्त झाल्यावर मी म्हटलं, आता कुणाचा आवाज नको. सुलभाने मात्र टेपरेकॉर्डर विकत घेतला. आजूबाजूच्या माणसांना बोलतं करायचं आणि ते बोलणं जपून ठेवायचं, हा तिचा उद्योग सुरू झाला. विदर्भातून कारखान्यात नोकरीला आलेले, पेठेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आलेले, सगळे तिच्या कॅसेटींमध्ये जमा होऊ लागले. मी चेष्टा केली की म्हणायची, "राजेरजवाड्यांची दप्तरं सांभाळायला खूप जण आहेत गं. आपल्या जिन्यातल्या माणसांचं कोण सांभाळणार?"

पण कपाटात नुसतं साठवून तिला समाधान नव्हतं. ज्यांचा हा संग्रह आहे, त्यांना तो आहे हे माहीत तरी हवं, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने गणपतीच्या मांडवात, आरतीनंतर, एका निवृत्त कामगाराची टेप लावली. प्रसाद संपला तशी माणसंही पांगली. सोसायटीचे सचिव असलेले हेच दिलीपराव सतरंजी गुंडाळताना म्हणाले, "सुलभाताई, या सोसायटीत जिवंत माणसाचं कुणी ऐकत नाही, तुम्ही टेपवरचं ऐकवताय." सुलभा हसली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा टेप लावली. त्या दिवशी बायका वाण घेऊन निघाल्या आणि दारातच थबकल्या, कारण टेपवर त्यांच्याच मजल्यावरची एकजण बोलत होती. मग बागेत, वाचनालयात, कुणाच्या गच्चीवर, जागा मिळेल तिथे तिचे कार्यक्रम होऊ लागले. लोक आपणहून जुने फोटो, लग्नपत्रिका आणून द्यायला लागले.

तिचं उतरणं बंद झालं तेव्हा तिने कार्यक्रमच जिन्यात आणला. दार उघडं ठेवून ती उंबऱ्याशी खुर्चीवर बसायची, आणि माणसं खालपर्यंत पायरीपायरीवर.

अशाच एका संध्याकाळी तिने उषाकाकूंची टेप लावली. उषाकाकू म्हणजे दिलीपरावांची आई, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दिलीपरावांनी "आईचं आहे ना, लावा की," म्हणून सहज परवानगी दिली होती. ऐकलं काहीच नव्हतं. काकू आधी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलल्या. मग तशाच हसतहसत म्हणाल्या, "हे कामावर निघाले, की बाहेरून कडी लावून जायचे. संध्याकाळपर्यंत मी आणि दिलीप खोलीत. दिलीप रडला, की मी त्याला खिडकीशी न्यायची…"

"बंद करा ते!" दिलीपराव पायरीवरून उठले.

सुलभाने लगेच बटण दाबलं. जिन्यात सगळे खाली माना घालून बसले होते.

"ती टेप मला द्या."

"तुमच्या आईने लोकांना ऐकवायला दिली आहे, दिलीपराव. तुम्हाला नको असेल तर लावणार नाही. पण पुसणारही नाही."

दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली: 'जिना चढण्या-उतरण्यासाठी आहे. बसायचे असल्यास आपापल्या घरी खुर्च्या असतीलच.' खाली सचिवांची सही. कार्यक्रम थांबला. सचिवांशी वाकडं नको, म्हणून माणसंही वर येईनाशी झाली. मी जायची तेव्हा सुलभा दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसलेली असायची. खालून चपलांचे आवाज यायचे आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबायचे. एकदा म्हणाली, "आधी नुसते पाय अडकले होते गं…" मी तिला माझ्याकडे चल म्हटलं. "कशी येऊ?" तिने विचारलं.

पावसाळा सरता सरता, एका दुपारी मी तिथे असताना दिलीपराव आले. बसले नाहीत. "पुढे काय आहे त्या टेपवर?" एवढंच म्हणाले.

सुलभाने टेप लावली. काकूंचा आवाज पुन्हा आला. समोरच्या घरातली एक बाई खिडकीतून हात हलवायची, त्यावर दिलीप हसायचा, असं त्या सांगत होत्या. आणि मग, "आता हे नाहीत. कडी लावणारं कुणी नाही. तरी आतून कडी लावली की माझा जीव घुसमटतो. मी हळूच काढून ठेवते. दिलीपला वाटतं, म्हातारी विसरते."

दिलीपराव भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "रोज रात्री उठून मी कडी लावायचो… ओरडायचो तिच्यावर."

पाटी त्यांनी काढली नाही. कार्यक्रम पुन्हा ठरला तेव्हा मात्र ते त्या पाटीच्याच खाली, पायरीवर येऊन बसले, आणि जिना पुन्हा भरला. लिफ्टचा विषय त्यांनी सभेत लावून धरला. तळमजल्यावरचे तयार होईनात. सुलभा शेवटपर्यंत वरच राहिली. शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाली, "एकदा खाली, सगळ्यांच्या मधे बसून ऐकायचं होतं. वरून नुसती डोकी दिसतात."

तिच्या भाच्याला घर रिकामं करायचं होतं, म्हणून खोकी माझ्याकडे आली आहेत. एका संस्थेत विचारलं, त्यांच्याकडे जागा नाही. दुसरीकडे म्हणतात, आधी सगळं संगणकावर घालून आणा. माझ्या मागच्या खोलीची खिडकी आता खोक्यांमुळे उघडत नाही. टाकवत नाही, सोपवायला कुणी नाही. मी त्यांच्यात बसून एकेक कॅसेट लावते. सगळ्यांचं बोलणं आहे, सुलभाचंच नाही. मात्र कुणी सांगतासांगता अडलं, की थोडी खरखर होते आणि मागून दबक्या आवाजात ती म्हणते, "हं… बोला." एक्स्चेंजमधली सवय. तेवढीच ती उरली आहे, दुसऱ्यांच्या दोन वाक्यांमधे.

परवा न राहवून मी म्हटलं, "सुलभे, आता तू बोल ना."

टेप फिरत राहिली. एक म्हातारे गृहस्थ खाकरले आणि आपल्या गावच्या विहिरीबद्दल सांगू लागले.