थांब, पुस्तकात बघतो

"थांब, पुस्तकात बघतो."

कुणी काही विचारलं की शेजारचे काका उजवा तळहात वर करून हे म्हणायचे. मग चष्मा बदलायचा, खुर्ची मागे सरकवायची आणि कपाटाकडे जायचं. तोवर विचारणारा आपला प्रश्नच विसरलेला असायचा. काका मात्र पुस्तक घेऊन परत यायचेच.

आणि पुस्तक कशाचं, तर बेसबॉलचं. बॉस्टनजवळच्या या श्रूजबरीत आमच्या ओळखीची सगळी मराठी घरं क्रिकेटवेडी. सोलापूरहून तरुणपणी आलेल्या या डॉक्टरांच्या घरात मात्र बेसबॉलच्या इतिहासाची आणि आकडेवारीची पुस्तकं भिंतभर. विटेसारखे जाडजूड कोश, पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. त्यात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक वर्षाला एक ओळ. काका भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाले तरी माणसांना झोपवायची सवय काही जात नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि ते खुदखुदून हसायचे. माझ्या फटकळपणाला हसणारी माणसं या गावात फारशी नाहीत.

असा एखादा छांदिष्ट माणूस तुमच्याही आसपास असेल. छंद कुठून लागला हे आपण सहसा विचारत नाही. मला ते काकूंनी सांगितलं, त्यांच्या स्वयंपाकघरात, मेथी निवडताना.

त्यांचा एकुलता एक समीर लहानपणी शाळेच्या बेसबॉल टीममध्ये लागला. काकांनी त्याला मागच्या अंगणात स्वतः शिकवायला घेतलं. शिकवलं ते आपल्याला येतं तेच, म्हणजे क्रिकेट. "काही झालं तरी हातातली बॅट सोडायची नाही," असं बजावून सांगितलं. पहिल्याच मॅचमध्ये पोरानं चेंडू लांब मारला, बॅट घेऊन पळत सुटला आणि पहिल्या बेसपाशी पोचल्यावर वाकून बॅट जमिनीला टेकवली. सगळं मैदान हसलं. मारल्यावर बॅट टाकून पळायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समीर गाडीत रडला आणि घर आल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, यू डोन्ट नो एनिथिंग."

दुसऱ्या दिवशी काका हॉस्पिटलमधून परस्पर लायब्ररीत गेले आणि बेसबॉलचं पहिलं पुस्तक घेऊन आले.

समीर पुढे कॉलेजला गेला. होस्टेलवर मित्रांमध्ये वाद व्हायचे, अमक्या साली अमक्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण होता, असले. तेव्हा फोनमध्ये जग मावत नव्हतं. मग घरी फोन यायचा. "बाबा, क्विक क्वेश्चन."

असा एक फोन मी समोर बसून ऐकला आहे. काकांनी पुस्तक टेबलावर उघडलं आणि पानं पुढे-मागे करायला लागले. "कुठलं साल म्हणालास? हां. थंडी फार आहे का रे तिकडे? अरे, हे पुस्तक जुनं दिसतंय, दुसरं घेतो. थांब हं. जेवलास का? काय जेवलास?" समीर पलीकडून सांगत होता. कँटीनचं सांगितलं, रूममेटचं सांगितलं, एका अवघड पेपरचंही सांगितलं.

काकू माझ्या कानाशी आल्या. "पाठ आहे ते त्यांना. परवा मलाच सांगत होते. पण उत्तर दिलं की तो फोन ठेवतो ना."

त्याच काकूंनी एकदा पनीर बांधून त्यावर वजन म्हणून सगळ्यात जाड कोश ठेवला होता. खालच्या पानांना पाणी लागलं आणि ती सुरकुतली. काका त्या दिवशी जेवायला बसले नाहीत. रात्री दूध-पोहे खाल्ले, असं काकूच म्हणाल्या.

मग सगळ्यांच्या खिशात सगळं आलं. तसले कोश छापणंही बंद झालं. समीर नोकरीसाठी लांब दक्षिणेत, अल्फारेटाला गेला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. फोन आठवड्यावर गेला, मग नुसते मेसेज आणि मुलांचे फोटो. भांडण वगैरे काही नाही. विचारण्यासारखंच काही उरलं नव्हतं. काका तरीही लायब्ररीच्या सेलमधून जुने कोश उचलून आणायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आता हे सगळं फोनवर असतं."

"हो ना," काका म्हणाले. "तेच तर झालंय."

काकू गेल्या त्या वर्षी समीर थँक्सगिव्हिंगला सगळ्यांना घेऊन आला. मीही जेवायला होते. टेबलावर कुठल्याशा जुन्या मॅचवरून समीर आणि त्याच्या मुलाची जुंपली. काकांचा तळहात वर गेला. "थांबा, पुस्तकात बघतो." चष्मा बदलला, खुर्ची सरकवली, निघाले. ते कपाटापाशी पोचायच्या आत समीरनं फोनवर बघून उत्तर सांगून टाकलं आणि बोलणं दुसरीकडे वळलं. काका पुस्तक घेऊनच परत आले. ते मांडीवर ठेवून बसले. "बरोबर आहे," न उघडताच म्हणाले. मला समीरचा फार राग आला. त्याची चूक काहीच नव्हती, तरी आला.

त्यानंतर काका मलाच म्हणायचे, "अगं, काहीतरी विचार ना." मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी वाटेल ते विचारायचे. कॅचर डावखुरे का नसतात? खेळाडूंच्या बसण्याच्या जागेला डगआउट, म्हणजे खड्डा, का म्हणतात? काका तीन-तीन पुस्तकं उघडायचे. मध्येच त्यांचा पांचट चहा व्हायचा. घरचा जुना फोन त्यांनी काढून टाकला नव्हता. "समीरला हाच नंबर पाठ आहे," म्हणायचे. तो टेबलावर, पुस्तकाशेजारी असायचा. वाजलाच तर विमावाल्यांचा असायचा, आणि काका त्यांच्याशीही बराच वेळ बोलायचे.

मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि काका गेले. समीर घर आवरायला आला. पुस्तकं लायब्ररीनं नको म्हटली, जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानंही. "ताई, तुम्हाला हवं ते घ्या," तो म्हणाला. मी पनीरवालं घेतलं. उरलेली त्यानं स्वतःच रिसायकलिंगच्या डब्यांत नेऊन टाकली. शेवटच्या खेपेनंतर बराच वेळ ड्राइव्हवेमध्ये बसून होता. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर गेले नाही.

माझी मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला असते. मी काहीही लिहिलं तरी तिच्याकडून अंगठा येतो. काकांकडे जाणं थांबल्यापासून माझ्या दुपारी फार लांबतात, हे कबूल करायला हवं.

गेल्या रविवारी फोन वाजला. समीर होता. इकडची तिकडची चौकशी करून जरा घुटमळला.

"ताई, बाबांचं ते मोठं बुक तुमच्याकडे आहे ना? एक क्विक क्वेश्चन होता."

त्यानं एका जुन्या पिचरचं नाव घेतलं. कुठल्या साली बॉस्टनला आला, एवढंच हवं होतं. तो बोलत होता त्याच फोनवर हे दोन सेकंदांत मिळालं असतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"थांब, पुस्तकात बघते," मी म्हटलं.

चष्मा बदलला. सुरकुतलेली पानं उलटली. नाव लगेच सापडलं. सालाच्या ओळीवर बोट ठेवून मी बसले.

"सापडत नाहीये रे," मी म्हटलं. "जेवलास का?"